वाचक विचारतात : फ्रेंचचा भूतकाळ आणि केळ्याचं लिंग

प्रश्न : 'मी गेलो' याला 'झ स्वी' लागतं, म्हणून 'मी झोपलो' यालाही तेच लावलं, तर चूक निघाली. भूतकाळात सहायक क्रियापद म्हणून 'एत्र' (असणं; 'मी'साठी 'झ स्वी') कधी आणि 'आव्वार' (जवळ असणं; 'मी'साठी 'झे') कधी लावायचं? (भुसावळ)

उत्तर : 'गेलो' आणि 'झोपलो' मराठीत एकाच रांगेत बसतात, म्हणून हा घोटाळा होतो. फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदं 'आव्वार' घेतात. झोपलो, धावलो, बोललो, चहा प्यालो, सगळ्यांना 'झे'च. 'एत्र' घेणारी साधी क्रियापदं जेमतेम पंधरा-सोळा : येणं-जाणं, पोचणं-निघणं, आत येणं-बाहेर पडणं, चढणं-उतरणं, पडणं, थांबून राहणं, जन्मणं, मरणं. शिवाय 'झ म स्वी लवे' (मी उठलो) यासारखी स्वतःवर होणारी क्रियापदं. एवढी पाठच करा.

खरी मेख चढ-उतारात आहे. 'मी भुसावळला उतरलो' : 'झ स्वी देसांद्यू'. 'मी बॅग उतरवली' : 'झे देसांद्यू ला वालीज'. मराठीत क्रियापद बदलतं, 'उतरणं'चं 'उतरवणं' होतं; फ्रेंचमध्ये क्रियापद तेच राहतं, सहायक बदलतो. कर्म आलं की 'आव्वार'. पण मराठीच्या भरवशावर राहू नका : 'मी जिना उतरलो' इथे आपलं क्रियापद बदलत नाही, फ्रेंचला मात्र जिना हे कर्मच वाटतं, म्हणून 'झे देसांद्यू'.

'एत्र'बरोबर कर्त्याचं लिंग-वचन पाळायचं, आपल्या 'गेलो-गेले'सारखं. फ्रेंच 'आले'चा (म्हणजे 'गेलो-गेले'चा) उच्चार मुलगा-मुलगी दोघांचा सारखाच, पण मुलगी लिहिते तेव्हा शेवटी एक 'ई' जास्त. 'आव्वार'बरोबर कर्म आधी आलं तरच त्याच्या लिंग-वचनाशी मेळ बसवायचा. 'मी चिठ्ठी लिहिली' : 'झे एक्री ला लेत्र'. 'मी लिहिलेली चिठ्ठी' : 'ला लेत्र क झे एक्रित'. तो शेवटचा 'त' ऐकू येतो, म्हणून तोंडी परीक्षेतही ही चूक लपत नाही.

प्रश्न : केळं नपुंसक, ज्वारी स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्ये लिंग कसं ओळखायचं? (जळगाव)

उत्तर : मराठीवरून ओळखूच नका. केळं 'ला बानान', स्त्रीलिंगी. ज्वारी 'ल सोर्गो', पुल्लिंगी. भरताचं वांगं 'लोबेर्झीन' म्हणून पाठ केलंत तर फसाल, कारण नामापुढे लागणाऱ्या पुल्लिंगी 'ल' आणि स्त्रीलिंगी 'ला' दोन्हींचा स्वरापुढे नुसता 'ल्' उरतो आणि लिंग झाकलं जातं. वहीत 'यून ओबेर्झीन' ('यून' म्हणजे स्त्रीलिंगी 'एक') असंच लिहा. '-स्याँ'ने संपणारी नामं बहुतेक स्त्रीलिंगी, '-आझ'वाली बहुतेक पुल्लिंगी. पान (पाझ), चित्र (इमाझ) आणि समुद्रकिनारा (प्लाझ) मात्र स्त्रीलिंगी.