वाचक विचारतात: संगणकावरचा क्रोनो ट्रिगर

चवथीच्या सुट्टीत क्रोनो ट्रिगर खेळायचा विचार आहे, पण स्टीमवर (संगणकाच्या गेमांचं ऑनलाइन दुकान) त्याला भरपूर शिव्या दिसतात. घ्यावा का? (म्हापसा)

घ्या, पण त्या शिव्या कधीच्या आहेत ते आधी पाहा. मूळ गेम 1995 चा, सुपर निन्टेंडोवरचा. फेब्रुवारी 2018 मध्ये संगणकावर आला तो जवळजवळ मोबाइलवरचाच: चित्रं नको तितकी गुळगुळीत, मेनू बोटाने दाबायचे. लोक चिडले ते रास्तच होतं. एप्रिलपासून पॅच (दुरुस्त्या) आले आणि बरंच सुधारलं. सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन ग्राफिक्स ‘ओरिजिनल’ करा. 2008 च्या डीएस (निन्टेंडोचं हातातलं यंत्र) आवृत्तीतले वाढीव भाग यात आहेत, राक्षसांच्या झुंजींचा आखाडा तेवढा नाही. वाढीव भागांतला लॉस्ट सँक्टम म्हणजे नुसत्या खेपा. वगळलात तरी काही बिघडत नाही.

लढाईत दोघांची मिळून टेक (खास चाल) मारायची म्हणून थांबतो, तेवढ्यात शत्रू मारून जातो. (फोंडा)

तुमच्या सेटिंग्जमध्ये लढाई ‘अ‍ॅक्टिव्ह’वर असणार. ‘वेट’ करा. मात्र वेटमध्येही घड्याळ सगळीकडे थांबत नाही: टेकची किंवा वस्तूंची यादी उघडी असेल तेव्हाच थांबतं, पहिल्या मेनूवर रेंगाळलात तर शत्रूची पट्टी (ती भरली की पाळी येते) भरतच राहते. जोडटेकसाठी दोघांच्याही पट्ट्या भरलेल्या लागतात आणि एमपी (टेकसाठी खर्च होणारे गुण) दोघांचे जातात. नायक क्रोनोची सायक्लोन आणि त्याच्या सोबतच्या मार्लची ऑरा मिळून ऑरा व्हर्ल होते, तिघांचीही तब्येत एकदम भरते. ती हवी असेल तर क्रोनोची पट्टी आधी भरली म्हणून त्याला तलवार चालवायला लावू नका. मार्लची भरेपर्यंत त्याची पट्टी पुन्हा रिकामी झालेली असते. नेमकं इथेच बहुतेकांचं फसतं.

गेममध्ये काळात मागे-पुढे जाता येतं, तर इ.स. 600 मधली काळी पेटी उघडली. इ.स. 1000 मध्ये गेलो तर तीच पेटी रिकामी! (डिचोली)

माल आधीच काढलात, तर चारशे वर्षांनी राहणार काय? भारलेलं पेंडंट घेऊन 600 मध्ये पेटीला हात लावा आणि ‘घ्यायचं का’ विचारलं की नाही म्हणा. मग 1000 मध्ये जा. तीच वस्तू जास्त ताकदीची होऊन मिळते. ती घेतल्यावर 600 मध्ये परत या आणि मूळ वस्तूही उचला. क्रम उलटा झाला की दुसरी गेली. गार्डियाच्या किल्ल्यातली पेटी अशीच आहे. सगळ्याच काळ्या पेट्यांची अशी जोडी नसते, पण 600 मध्ये दिसली की आधी नाहीच म्हणावं. तुम्ही पेटी उघडण्याआधीचं सेव्ह असेल तर तिथून खेळा. नसेल तर ती वस्तू आता न्यू गेम प्लसमध्येच (गेम संपवून पुन्हा पहिल्यापासून खेळताना).

पावसात वीज सारखी जाते, यूपीएस नाही. सेव्ह उडेल का? (पेडणे)

एका जागेतून दुसरीकडे जाताना ऑटोसेव्ह होतं, त्यामुळे थोडंच वाया जाईल. तरी त्याच्या भरवशावर राहू नका. सेव्ह पॉइंट दिसला की हाताने सेव्ह करा आणि दोन स्लॉट आलटून पालटून वापरा, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तरी आदला स्लॉट शाबूत राहतो.