वाचकांचे प्रश्न : एक सर्व्हर, दोन जोडण्या

प्रश्न : फोंड्यातील आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. गेल्या पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात स्विचचा (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाचा) एक पोर्ट जळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काउंटर बंद ठेवावे लागले. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट आहेत, पैकी एक रिकामाच असतो. दोन्ही एकत्र केल्यास असा खोळंबा टळेल का? वेगही दुप्पट होतो असे पुरवठादार सांगतात, ते खरे आहे का? आमच्याकडे एक जुना साधा स्विच आणि एक नवा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आहे.
— व्यवस्थापक, फोंडा

उत्तर : खोळंबा बहुतांशी टळेल, वेगाचे आश्वासन मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये. लिनक्समध्ये या सोयीला बॉन्डिंग म्हणतात. दोन पोर्टांचा मिळून एकच जोड तयार होतो, आयपी पत्ता त्या जोडाला दिला जातो, आणि आतला कोणता पोर्ट काम करतो आहे याची काउंटरवरच्या संगणकांना दादही लागत नाही. जोड चालवण्याच्या एकूण सात पद्धती आहेत, परंतु तुमच्यासाठी त्यांतली ॲक्टिव्ह-बॅकअप हीच योग्य ठरेल : एक पोर्ट काम करतो, दुसरा तयारीत उभा असतो, आणि पहिला पडताच दुसरा कामाला लागून नव्या वाटेची सूचना एआरपी संदेशाने (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे कळवणाऱ्या संदेशाने) नेटवर्कला देतो. या पद्धतीसाठी स्विचवर काहीही बदलावे लागत नाही, त्यामुळे एक केबल जुन्या स्विचला आणि दुसरी नव्या स्विचला लावता येते. दोन्ही स्विच एकमेकांना एकाच केबलने जोडावेत; खबरदारी म्हणून दुसरी केबल ओढली तर चक्राकार वाट तयार होऊन सगळे नेटवर्कच ठप्प होण्याचा धोका असतो.

पुरवठादारांच्या मनात बहुधा एलएसीपी ही (स्विचशी संगनमत करून पोर्ट एकत्र वापरण्याची) पद्धत असावी. त्यात दोन्ही पोर्ट एकाच वेळी चालतात हे खरे. पण दोन्ही केबली एकाच स्विचला, किंवा एकच असल्यासारखे वागणाऱ्या महागड्या स्विचांना लावाव्या लागतात. शिवाय भार वाटला जातो तो यंत्रायंत्रांमधल्या संवादांच्या हिशेबाने. एक संवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच केबलने जातो, म्हणून रात्रीचा एकच मोठा बॅकअप १ गिगाबिटच्या दोन पोर्टांवरूनही १ गिगाबिटपेक्षा जलद जाणार नाही. वेगच हवा असेल तर अधिक वेगाचे कार्ड आणि त्याला साजेसा स्विच घेणे हा सरळ उपाय आहे.

आता ज्या तपशिलाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते त्याविषयी. केबल तुटली हे जोडाला आपोआप समजत नाही, त्याने ठरावीक अंतराने लिंक तपासावी लागते. हे अंतर ठरवणाऱ्या एमआयआयमॉन या पर्यायाची लिनक्सच्या ड्रायव्हरमधील मूळ किंमत ० आहे, म्हणजे तपासणीच बंद. काही साधने ती स्वतःहून १०० मिलिसेकंद ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्यामुळे गृहीत न धरता ती १०० केली आहे याची खात्री करावी.

दुसरी अडचण वीज परत येताना होते, आणि जूनमध्ये आपल्याकडे ती दिवसातून कितीदा जाते-येते हे सांगायला नको. मॅनेज्ड स्विच सुरू होताच पोर्टाचा दिवा लागतो, पण स्पॅनिंग ट्री (चक्राकार वाट रोखणारी स्विचमधील सोय) चालू असेल तर जुन्या नियमानुसार सुमारे ३० सेकंद त्या पोर्टावरून काहीच पुढे जात नाही. तुम्ही हा पोर्ट मुख्य म्हणून नेमला असेल, तर जोड दिवा पाहून लगेच त्याच्याकडे वळतो आणि चालू असलेले काम अडते. यासाठी अपडिले (लिंक आल्यावर पोर्ट वापरण्याआधी किती थांबायचे) हा पर्याय ३० सेकंदांहून थोडा अधिक ठेवावा, किंवा मुख्य पोर्ट नेमूच नये. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे, कारण दोन्ही पोर्ट सारख्याच वेगाचे असताना मुख्य-दुय्यम ठरवण्यात काही लाभ नाही.

बाकी गोष्टी साध्या आहेत. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर आणि दोन्ही केबली एकाच पाइपातून असतील, तर बॉन्डिंगवर केलेला खर्च निम्मा वाया गेला असे समजावे. काउंटरवरच्या संगणकांना एकेकच पोर्ट असतो, म्हणून ते दोन्ही स्विचांवर निम्मे-निम्मे वाटावेत. विजेचा तडाखा सर्व्हरच्या मदरबोर्डाला बसला तर त्यावरचे दोन्ही पोर्ट एकदमच जातील. दुसरी जोडणी वेगळ्या कार्डावर घेणे बरे.

चतुर्थीच्या सुट्टीत संस्था बंद असताना चाचणी घ्यावी. एका संगणकावरून सर्व्हरला सतत पिंग (उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) चालू ठेवून आधी एक केबल काढावी, ती परत लावल्यावर दुसरी काढावी, आणि शेवटी एकेका स्विचची वीज बंद करून पाहावी. जोडाची स्थितीदर्शक फाइल प्रॉक-नेट-बॉन्डिंग या फोल्डरमध्ये असते. तिच्यात चालू पोर्टाचे नाव आणि प्रत्येक पोर्टापुढे लिंक फेल्युअर काउंट, म्हणजे लिंक किती वेळा तुटली तो आकडा, दिसतो. हा आकडा कोणी हात न लावता वाढत असेल तर केबलची पिन दमट हवेने गंजली आहे का ते पाहावे. महिन्यातून एकदा ही फाइल वाचणे आवश्यक आहे. एक पोर्ट मरूनही काम सुरळीत चालत राहते, म्हणून दुसरा मरेपर्यंत ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : बॉन्डिंग न करता दोन्ही पोर्टांना एकाच नेटवर्कमधले दोन आयपी पत्ते दिले तर चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालल्यासारखे दिसेल, पण उपयोग होणार नाही. संगणकांना जो पत्ता दिलेला असेल तोच ते शोधत राहतील. शिवाय लिनक्स एका पोर्टाच्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपी विचारणेला दुसऱ्या पोर्टावरूनही उत्तर देऊ शकते, आणि जाणारी माहिती सहसा एकाच पोर्टावरून पाठवते, त्यामुळे बिघाड शोधणे अधिकच कठीण होते. बॉन्डिंग करताना दोन्ही पोर्टांवरील जुने पत्ते आधी काढावेत, आणि हे काम दूरवरून न करता सर्व्हरसमोर बसूनच करावे, कारण बदल करताना जोडणी काही वेळ तुटतेच.