विरोधात पडलेली बारा मते

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तालुकाध्यक्ष म्हणून तुझ्यावर आणलेला अविश्वास ठराव 19 विरुद्ध 12 मतांनी फेटाळला गेल्याचे कळले, आणि त्याच संध्याकाळी पक्ष कार्यालयासमोर फटाके वाजल्याचेही कळले. ते तू वाजवले नसतील, पण थांबवलेही नाहीस, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पुढे काय करावे, असे तू विचारले आहेस. ब्रिटनमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्याबाबत 12 डिसेंबर 2018 रोजी त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी मतदान केले, तेव्हा 200 जण त्यांच्या बाजूने आणि 117 विरोधात होते. शिवाय पक्षाच्या नियमानुसार पुढचे वर्षभर त्यांच्यावर पुन्हा असा ठराव आणता येणार नव्हता, म्हणजे कागदोपत्री त्या निर्धास्त होत्या. पण 15 जानेवारी 2019 रोजी त्यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी पडला आणि त्या दिवशी त्यांच्या पक्षाच्या 118 खासदारांनी विरोधात मत दिले. 117 आणि 118 हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. माणसे तीच होती असे मी म्हणणार नाही, पण नाराजी तसूभरही हटली नव्हती. 24 मे रोजी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन अशाच मतदानात 6 जून 2022 रोजी 211 विरुद्ध 148 मतांनी तरले, आणि मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रीघ लागल्यावर 7 जुलैला त्यांनाही पक्षनेतेपद सोडत असल्याचे सांगावे लागले.

आता माझे सांगतो. तुझ्याच वयाचा असताना मीही असाच थोडक्यात वाचलो होतो. मतदान चिठ्ठ्यांवर झाले होते. सगळे गेल्यावर मी स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर पसरल्या आणि कोणाची शाई निळी, कोणाचा 'ना'चा काना लांब, हे लावत बसलो. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचे अक्षर ओळखल्याची मला खात्री वाटली आणि पुढच्या बैठकीचा निरोप मी त्यांना धाडला नाही. त्यांनी मत माझ्याच बाजूने दिले होते, हे मला फार उशिरा समजले. तोवर ते आणि त्यांच्या गावची सगळी पोरे दुरावली होती. ती चूक आजही मला सलते.

म्हणून बारा नावे शोधू नकोस, कोणी आपणहून सांगायला आले तरी ऐकून घेऊ नकोस. ठराव आणणाऱ्यांनी सही करून जी कारणे दिली आहेत, ती मात्र पुन्हा पुन्हा वाच. बैठका वेळेवर होत नाहीत आणि तिकिटांची चर्चा चौघांतच होते, ही दोन्ही कारणे खरी आहेत, हे तुलाही ठाऊक आहे. पुढची बैठक याच पंधरवड्यात घे, उमेदवारीची चर्चा सर्वांसमोर होऊ दे, आणि ठरावावर सही करणाऱ्यांकडे स्वतः जा. त्यांना कार्यालयात बोलावू नकोस. त्यांपैकी बहुतेक द्राक्षवाले आहेत आणि सध्या ऑक्टोबर छाटणी सुरू आहे. सकाळी लवकर, मजूर यायच्या आत बागेवर पोहोच. एकदा काम लागले की त्यांना बोलायला उसंत मिळत नाही.

तुझा,
काका