कापडी डायपर: आधी वाळत घालायची जागा बघ

तुला सातवा महिना लागलाय, बाळ ऐन जुलैत येणार, ऐरोलीत वन बीएचके, आणि घरात दोन मतं: सासूबाई म्हणतात लंगोट, नवरा म्हणतो विकतचे डायपर. कापडी डायपर किती घ्यावेत आणि पावसात ते वाळतील का, असं तू विचारलं आहेस. वाळण्याचं आधी सांगते, कारण किती घ्यायचे ते त्यावरच ठरतं.

माझी लेक जूनमधली. आम्ही नेरूळला राहतो, बाल्कनी जेमतेम दोन दोऱ्यांची. मी गरोदरपणातच हौसेने बारा डायपर घेऊन ठेवले होते, आत जाड पॅड शिवलेलेच. दिसायला फार सुंदर. पण जुलैच्या झडीत ते दोन-दोन दिवस वाळेनात. वरून कोरडे लागायचे, पण पॅडच्या शिवणीत बोट घातलं की गारवा कळायचा. त्याच वेळी माझ्या सासूबाईंनी जुन्या धोतराची केलेली लंगोटं पंख्याखाली चार-पाच तासांत वाळून घडी होऊन कपाटात जायची. एकेरी कापड वाळतं, थरावर थर शिवलेलं वाळत नाही. म्हणून तुझ्यासारखीला मी शिवलेल्या पॅडचे डायपर घे असं सांगणार नाही. पॉकेटवाले घे, म्हणजे ज्यांच्या खिशात सुटा पॅड सरकवायचा आणि धुताना काढायचा, किंवा नुसतं वॉटरप्रूफ कव्हर आणि आत घडी घातलेलं सुती कापड. कव्हर पाणी धरून ठेवत नाही, झटकलं की लगेच वाळतं, आणि आतलं कापड उलगडून पसरता येतं.

पहिले दोन-अडीच महिने मात्र सासूबाईंचं ऐक. इवल्या बाळाच्या मांड्या बारीक असतात, फ्री साइज म्हणून मिळणारे डायपर तिथे फटीतून गळतात. लंगोट ओला झाला की लगेच कळतो, आणि याचा मोठा फायदा म्हणजे शू मोजता येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल तर दूध पुरत असल्याची ती चांगली खूण असते. मला पहिल्या आठवड्यात दूध पुरतंय की नाही याची सतत धास्ती होती. ओल्या लंगोटांची बादली बघूनच जीव भांड्यात पडायचा.

आकडा सांगायचा तर आमच्याकडे लंगोटं चार डझन होती आणि एकही जास्त वाटलं नाही. तीन महिन्यांनंतर बारा पॉकेट डायपर आणि आतले सुती पॅड चोवीस. रोज धुतलं तर पावसाळ्यातही एवढ्यात भागतं. दोन दिवसांनी धुणार असशील तर डायपर आणि पॅड दोन्ही वाढव. मायक्रोफायबरचे पॅड पटकन शोषतात, पण ते त्वचेला थेट लागू द्यायचे नाहीत, पॉकेटच्या आतच ठेवायचे. नवे सुती पॅड पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत, हे कुणी सांगत नाही आणि मग पहिल्याच दिवशी गळती होऊन लोक कंटाळतात.

आता धुणं, कारण आमचं गाडं इथेच अडलं होतं. लेक पाच महिन्यांची असताना अचानक सगळे डायपर गळायला लागले. सकाळचा पहिला डायपर काढला की अमोनियाचा वास डोळ्यांत जायचा, आणि मांड्यांच्या घडीत लालसर पट्टे. मी एक वाळलेला पॅड मोरीत पसरून त्यावर पाणी शिंपडलं. अळवाच्या पानावर थेंब थरथरतात तसे ते कापडावर उभे राहिले, आत जाईनात! मग कारण सापडलं. कपडे मऊ राहावेत म्हणून मी शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घालत होते, आणि त्याचा थर धाग्यांवर बसला होता. रॅशला लावायच्या झिंक ऑक्साइडच्या जाड मलमानेही कापडाचं असंच होतं. सगळे पॅड गरम पाण्यात तीन-चार वेळा धुतले, फेस येणं थांबेपर्यंत, तेव्हा कुठे ते पुन्हा शोषायला लागले.

माहेरी घोडबंदर रोडला महिनाभर राहिले तेव्हा वेगळीच तऱ्हा. तिथे उन्हाळ्यात बोअरिंगचं जड पाणी येतं, साबणाचा फेसच होत नाही, आणि कापड पापडासारखं कडक होतं. नेरूळला मोरबे धरणाच्या पाण्यात ही अडचण आली नाही. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरिंग असेल तर पावडर थोडी वाढव आणि एकदा जास्त खळबळून काढ.

माझी पद्धत साधी आहे. शी लगेच संडासात टाकून जेट स्प्रेने धुवायची. रात्रीचे पॅड सकाळी आधी नुसत्या पाण्यातून काढायचे, मग सगळं मशीनमध्ये गरम पाण्यावर. कव्हरला इस्त्री नाही, उकळतं पाणी नाही. सुती लंगोटांना मात्र पावसाळ्यात इस्त्री जरूर कर, उरलेला दमटपणा जातो. सासूबाई टोपलीवर लंगोटं पसरून खाली धुरी करायच्या. बंद खोलीतला धूर बाळासाठी चांगला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांनी ते लगेच ऐकलं. डागांची काळजी करू नकोस, दूधपित्या बाळाच्या शीचे पिवळे डाग ऊन पडलं की आपोआप फिके होतात.

नवऱ्याचंही अगदी चूक नाही. लसीकरणाला जाताना, प्रवासात आणि पहिल्या वर्षात बऱ्याचदा रात्री आम्ही विकतचेच वापरले, त्यामुळे माझी झोप झाली. वापरलेला डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळा दे, कचरा वेचणाऱ्या बाईंचे हात त्यात जातात. आणि कापडी म्हणजे रॅश होणारच नाही, असं समजू नकोस. दर दोन-तीन तासांनी बदलावाच लागतो. घडीत लाल पुरळ येऊन बाजूला ठिपके पसरले तर बुरशी असू शकते, तेव्हा घरगुती उपाय न करता बाळाच्या डॉक्टरांना दाखव.

आत्ता एवढंच कर: दोन वेगवेगळ्या प्रकारचे एकेक डायपर घे, ओले करून तुमच्याच घरात वाळत घाल आणि किती तास लागतात ते बघ. बाकीचे बारशाला काय आणू विचारणाऱ्यांना सांग. आणि सासूबाईंना जुनं धोतर काढायला सांग. २७ इंची चौकोन कापले की तेच कापड आधी लंगोट म्हणून आणि पुढे घडी घालून कव्हरच्या आत चालतं.