एडीएचडी असलेल्या मुलाला धोका कळत नाही, असे नसते

ताई, तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे कठीण जाणाऱ्या विकाराचे, निदान पाचवीतच झाले होते, आणि आता तो रात्री बाबांची स्कूटर काढून, मागे दोन मित्रांना बसवून हायवेपर्यंत जाऊन येतो. हे वयाचे खूळ की एडीएचडीचे लक्षण, आणि त्याला आणखी कसे समजवावे, असे तुम्ही विचारले आहे. शाळेत समुपदेशक म्हणून अशा मुलांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहिते.

वयाचा वाटा मोठा आहे. 2005 साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात पाहिले की, मित्र शेजारी असताना 13 ते 16 वयाची मुले एकटी असतानापेक्षा बरीच अधिक जोखीम घेतात. चोविशीपुढच्यांत असा विशेष फरक पडला नाही. त्यात एडीएचडीची भर पडते. 2007 च्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ या मुलांत सरासरी तीन वर्षे मागे आढळली, आणि हा विलंब आवर घालण्याचे व नियोजनाचे काम करणाऱ्या पुढच्या भागात सर्वांत ठळक होता.

तरीही त्याला धोका कळत नाही, असे समजू नका. निवांत वेळी विचारलेत तर हेल्मेटशिवाय काय होऊ शकते ते तो तुम्हाला बिनचूक सांगेल. या मुलांना जोखमीतून लगेच मिळणारी मजा इतरांपेक्षा मोठी वाटते आणि वाट पाहणे असह्य होते. नववीतला एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, मागून 'अरे, पळव' असं आलं की हात आपोआप पिळला जातो." त्या क्षणी तुमचे व्याख्यान त्याच्या मनात नसते, म्हणून व्याख्यान वाढवून फारसे काही साधत नाही, तो क्षण येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते.

स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावरून आजच हलवा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, आणि मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या वाहनविषयक गुन्ह्यासाठी पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेगाची भूक मात्र खरी असते. तिला कबड्डी, मल्लखांब, गिर्यारोहण अशी देखरेखीखालची वाट द्या. शिस्तीचे परिणाम त्याच दिवशी आणि छोटे असू द्या. महिनाभराच्या शिक्षेचा अशा मुलावर उपयोग होताना मी क्वचितच पाहिला आहे.

औषधाबद्दल तुमच्या मनात भीती दिसते. अमेरिकेत 23 लाखांहून अधिक एडीएचडी रुग्णांच्या नोंदींवरून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच व्यक्तीचे औषध चालू असलेले आणि नसलेले महिने ताडून पाहता, चालू महिन्यांत वाहन अपघातांचे प्रमाण पुरुषांत 38 आणि स्त्रियांत 42 टक्क्यांनी कमी होते. हे प्रौढांचे आकडे आहेत, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. मुलाला औषध चालू असेल, तर सकाळच्या गोळीचा परिणाम किती वाजेपर्यंत टिकतो हे बालमानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून विचारा, कारण कमी अवधीच्या गोळ्यांचा असर चारेक तासांत ओसरतो आणि स्कूटर तर रात्री बाहेर पडते. चोरी, मारामारी किंवा नशेची चिन्हेही दिसत असतील, तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत न थांबता या आठवड्यातच त्यांची भेट घ्या.