सासूबाईंचे कुळीथ आणि आईचे हुलगे

प्रश्न : माझं सासर रत्नागिरीकडचं, दर मे महिन्यात गावाहून किलो-दोन किलो कुळथाची पिठी येते. माझं माहेर जुन्नरचं, आई म्हणते अगं ते हुलगे, बैलाला भरडून घालायचो आम्ही. माझं हिमोग्लोबिन ९.८ आलंय, पिठी खाऊन वाढेल का? आणि मिस्टरांना मुतखड्याचा त्रास आहे, सासूबाई त्यांना रोज कुळथाचं पाणी पाजतात, त्याने खडा विरघळतो का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : कुळीथ आणि हुलगा एकच हो, आणि बैलाला घालायचे म्हणून हलकं धान्य असं काही नाही, उलट बैलाला ताकद यावी म्हणूनच घालायचे ना! १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रोटीन, कॅल्शियम तर तूरडाळीच्या तिपटीहून जास्त, फॅट नावालाच. लोह ७-८ मिलीग्रॅम. पण आपण एका वेळी खातो ३० ग्रॅम, म्हणजे पदरात पडतं दोन-सव्वादोन मिलीग्रॅम, आणि बाईची रोजची गरज धरतात २९ मिलीग्रॅम, त्यातही कडधान्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही, तेव्हा ९.८ ला डॉक्टरांच्या गोळ्या घ्याच, पिठीच्या भरवशावर राहू नका. अख्खे कुळीथ मिळाले तर रात्रभर भिजवून मोड आणा, दीड-दोन दिवस लागतात, धीर धरा. मोडाने फायटेट (कडधान्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य) कमी होतं, लोह जास्त शोषलं जातं आणि गॅसची तक्रारही कमी. वर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, ही सवय आपल्याकडे भारी वाईट.

खड्याचं म्हणाल तर ५ मिलीमीटरपर्यंतचे खडे बरेचदा आपोआप पडतात, त्यात कुळथाच्या निमित्ताने तांब्याभर जास्तीचं पाणी पोटात जातं, मग श्रेय कुळथाला! पाजू दे सासूबाईंना, पण खडा केवढा नि कसला ते सोनोग्राफी आणि तपासण्यांवरून डॉक्टरच सांगतील, आणि ताप किंवा लघवीतून रक्त आलं तर काढ्यावर बसू नका.

पिठी उरली की आईकडून शेंगोळे शिकून घ्या, लसूण-मिरची-जिरं वाटून पिठात मळायचं, हातावर वळून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. मात्र तुमची पिठी भाजलेल्या कुळथाची असेल तर वळताना तुटते, मूठभर कणीक घाला.