‘किरकोळ’ नावाचा रकाना : पैशांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी मी सांगितलं होतं की एक महिना घरातला सगळा खर्च, अगदी सुटे पैसेसुद्धा, लिहून काढा आणि मग मला कळवा. खूप जणांनी मनावर घेऊन केलं, काहींनी तर वहीच्या पानांचे फोटो पाठवले, ते बघून खरंच बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत.

प्रश्न : ताई, तुम्ही म्हणालात तसा दोन महिने खर्च लिहिला, पानाचा फोटो जोडलाय. भाडं, किराणा, लाईट बिल सगळं ठरल्यासारखंच आहे, उधळपट्टी म्हणावी असं काहीच नाही. तरी २० तारखेनंतर ओढाताण सुरू होते, आणि दोन-तीन महिन्यांनी काहीतरी अचानक उपटतं आणि साठवलेलं सगळं त्यात जातं. चुकतंय कुठे?

उत्तर : ताई, तुमचं पान मी दोनदा नीट बघितलं. वर एकेक ओळ इतकी व्यवस्थित आहे, किराणा तर वस्तूवार लिहिलाय, आणि सगळ्यात खाली एकच शब्द, ‘किरकोळ’, आणि त्याच्यासमोरचा आकडा किराणापेक्षा मोठा! बाजूला पेन्सिलने तुम्हीच बारीक अक्षरात लिहिलंय, मुलाचा चष्मा, गाडीचा टायर, विम्याचा हप्ता, शाळेची सहल. आता यातलं किरकोळ काय आहे सांगा, आणि अचानक तरी काय आहे? टायर झिजणारच, मूल वाढतंय म्हणजे चष्म्याचा नंबर बदलणारच, आणि विम्याच्या हप्त्याची तर तारीखसुद्धा आधीपासून छापलेली असते. वर्षातनं एकदाच तोंड दाखवतात म्हणून हे खर्च आपल्याला पाहुण्यासारखे वाटतात, पण ते घरातलेच आहेत.

आपण पगार महिन्याचा मिळतो म्हणून हिशोबही महिन्याचा धरतो आणि गडबड इथेच होते, कारण घर वर्षावर चालतं. तर एका सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून बसा, मागच्या बारा महिन्यांच्या बँकेच्या नोंदी काढा आणि जे दर महिन्याला येत नाही ते सगळं एका कागदावर उतरवा. समजा शाळेची फी २४,०००, विमा १८,०००, दवाखाना आणि चष्मा वगैरे १२,०००, गाडी ९,०००, घरातली दुरुस्ती ९,०००, म्हणजे वर्षाचे झाले ७२,०००. बारानं भागलं की महिन्याचे ६,०००. हे ६,००० दर महिन्याला खर्च होऊन गेलेलेच आहेत, फक्त अजून कोणी मागायला आलेलं नाही. आणि आपण मात्र ते शिल्लक समजून वापरतो, म्हणून २० तारीख जड जाते.

मग पगार झाला त्याच दिवशी हे ६,००० दुसऱ्या खात्यात टाकायचे, त्या खात्याचं कार्ड पर्समधे ठेवायचं नाही आणि मोबाईलवरच्या पेमेंट ॲपलाही ते जोडायचं नाही, फी आली की तिथून भरायची, टायर आला की तिथून. एक अडचण मात्र येईल ती आधीच सांगते, म्हणजे हिरमोड नको व्हायला. तुम्ही वर्षाच्या मधेच सुरू कराल आणि पुढच्याच महिन्यात फी असेल तर त्या खात्यात तेवढे जमलेलेच नसणार. पहिलं वर्ष असं लंगडतच जातं, सगळ्यांचं जातं, थोडे यातून थोडे पगारातून करत निभावून न्या. दुसऱ्या वर्षी फी भरताना छातीत धस्स होत नाही, आणि हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून इतक्या खात्रीनं लिहितेय.

आणि हो, हा म्हणजे अडीनडीचा फंड नव्हे हं. तो वेगळा. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, अशा खरोखरच्या अचानकसाठी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कमाई अनियमित असेल तर सहाच्याही पुढे. पण तुमच्या पत्रावरून दिसतं की आजपर्यंत दर वेळी तो फंड टायर आणि फी खाऊन टाकत होते, म्हणून तो कधी उभाच राहिला नाही. आधी वर्षाच्या खर्चाला त्याची जागा द्या, मग हा आपोआप टिकायला लागेल.

वहीबद्दल अजून एक. जपानमधे हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली, ती पद्धत तिकडे अजून चालू आहे, आणि त्यात भर कशावर, तर आधी किती खर्च करायचा ते ठरवण्यावर. आपण झालेला खर्च लिहितो आणि हळहळतो. तुमचे दोन महिने लिहून झालेत ना, आता तिसऱ्या महिन्याचं पान १ तारखेलाच भरा, आणि ‘किरकोळ’ हा रकाना काढूनच टाका.

प्रश्न : माझं वय २८, क्रेडिट कार्डावर ५०,००० बाकी आहे. दर महिन्याला न चुकता मिनिमम ड्यू भरतो, एकदाही लेट झालो नाही, तरी रक्कम हलतच नाही. सेव्हिंगमधे ४०,००० आहेत पण ते मोडायला जीव होत नाही. काय करू?

उत्तर : अरे, तू न चुकता भरतोयस ही तुझी शिस्त खरी आहे, त्यामुळे दंड वाचतो, पण ती शिस्त चुकीच्या आकड्यामागे लागली आहे. कार्डवाल्यांनी स्टेटमेंटवर जो मिनिमम आकडा, म्हणजे त्या महिन्यात निदान भरायलाच हवी ती रक्कम, ठळक छापलेला असतो तो तुझं कर्ज फिटावं म्हणून काढलेला नसतो. महिन्याला ३ टक्के व्याज धरू. ३ टक्के वाचायला बारीक वाटतं पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. ५०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज १,५००, मिनिमम समजा ५ टक्के म्हणजे २,५००, म्हणजे तुझ्या २,५०० मधले १,५०० व्याजातच गेले आणि मुद्दल उतरलं फक्त हजारानं. पुढच्या महिन्यात बाकी जरा कमी म्हणून मिनिममही जरा कमी, मग मुद्दल आणखी कमी उतरतं, आणि असं करत करत ५०,००० चे २५,००० व्हायलाच ३४-३५ महिने लागतात. नुसते अर्धे व्हायला!

आता हेच बघ. मिनिमम कितीही खाली येऊ दे, तू दर महिन्याला तेच २,५०० भरत राहिलास, एक पैसा जास्त नाही, फक्त आकडा खाली येऊ द्यायचा नाही, तर ३१ महिन्यांत सगळं कर्ज संपतं. मी हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला पटेना, पुन्हा केला, तेच उत्तर आलं. एवढा फरक पडतो नुसता आकडा धरून ठेवल्याने.

आणि ४०,००० चं म्हणशील तर मोड, पण सगळे नाही. बचतीवर मिळणारं व्याज आणि कार्डावर जाणारं व्याज यांची तुलनाच नाही, एका हातानं थोडं घेऊन दुसऱ्या हातानं कितीतरी पट देतोयस. ३०,००० कार्डात भर, १०,००० हाताशी ठेव, नाहीतर काही झालं की परत कार्डच काढशील. उरलेले २०,००० त्याच २,५०० नी दहा महिन्यांत मोकळे होतात. तोपर्यंत ते कार्ड वापरायचं नाही, एवढं मात्र पाळ, कारण मागची बाकी असताना बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि दहा महिन्यांनी ते २,५०० थांबवू नकोस, सवय झालेलीच आहे, तसेच बचतीत वळव.

प्रश्न : १,००,००० चं कर्ज तीन वर्षांसाठी हवंय. एक जण १० टक्के फ्लॅट म्हणतोय, दुसरीकडे १४ टक्के रिड्युसिंग. १० च स्वस्त ना?

उत्तर : नाही, उलट आहे. फ्लॅटमधे तुम्ही हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच धरतात, म्हणजे तीन वर्षांचे ३०,०००, हप्ता ३,६११. रिड्युसिंगमधे जेवढं देणं उरलंय तेवढ्यावरच व्याज, त्यामुळे १४ टक्क्यांनीही हप्ता ३,४१८ च्या आसपास आणि एकूण व्याज २३,००० च्या घरात. १० टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगच्या भाषेत जवळजवळ १८ टक्के. कुठेही जा, टक्के विचारूच नका, हप्ता किती आणि किती महिने ते विचारा, गुणाकार करा, प्रोसेसिंग फी धरा, आणि एकूण किती परत द्यायचेत ते समोरच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे. सगळी पुंजी बचत खात्यात आहे, मुलगा म्हणतो शेअरमधे टाका, मला भीती वाटते. तशीच राहू दिली तर काय बिघडलं?

उत्तर : काका, तुमची भीती अगदी रास्त आहे, पण खात्यातला आकडा तसाच राहतो म्हणजे पैसा तसाच राहतो असं नाही. किती वर्षांत दुप्पट होईल ते काढायचा एक ढोबळ नियम आहे, ७२ ला टक्क्यांनी भागायचं. महागाई ६ टक्के धरली तर ७२ ला ६ नी भागा, १२ वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट, म्हणजे आजच्या पैशात तेव्हा निम्मंच येणार. त्याच वेळी सगळं शेअरमधे टाकणं तुमच्या वयाला मी कधीच सांगणार नाही. येत्या दोन-तीन वर्षांत लागेल ते आहे तिथेच असू द्या, त्यानंतरचं मुदत ठेवीसारख्या ठिकाणी, आणि सात-आठ वर्षं ज्याला हात लावावा लागणार नाही असा छोटा भाग असलाच तर त्याच्याबद्दल मुलाशी बोला. झोप उडेल इतकं मात्र काही करू नका.

प्रश्न : ह्यांच्या चुलत भावानं कर्जाला जामीन राहायला सांगितलंय. ‘नुसती सही तर आहे’ असं म्हणतात. नाही म्हटलं तर नातं तुटेल असं ह्यांना वाटतं.

उत्तर : ताई, हे उत्तर लिहिताना माझा हात जड झालाय. माझ्या वडिलांनी अशीच एक सही केली होती, जवळच्या माणसासाठी. दोन वर्षांनी त्या माणसाचे हप्ते थांबले आणि नोटीस आमच्या घरी आली. मी शाळेत होते. आई ओट्यापाशी उभी राहून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती एवढं लख्ख आठवतं. ते कर्ज वडिलांनी फेडलं, सहा वर्षं लागली, आणि ज्या नात्यासाठी सही केली होती ते नातंही राहिलं नाही.

जामीन म्हणजे ओळखपत्र नाही, कर्ज आपलंच असतं, फक्त पैसे दुसऱ्याच्या हातात जातात. त्यानं नाही भरलं तर देणारा तुमच्याकडे येणार, आणि त्याचे हप्ते चुकले की उद्या तुम्हाला स्वतःसाठी कर्ज हवं असेल तेव्हाही तुमचं नाव अडू शकतं. म्हणून मी दोघांना एकच प्रश्न विचारायला सांगते : हे सगळं कर्ज आपण फेडायला तयार आहोत का? उत्तर हो असेल तर खुशाल सही करा.

नसेल तर ह्यांनी फोनवर टोलवाटोलवी करू नये, आशा लागून राहते. समोर बसून सांगावं की ‘आम्ही दोघांनी ठरवलंय, कुणाच्याच कर्जाला जामीन राहायचं नाही, तुझ्यासाठीही नाही. पण अमुक एवढे मी तुला देऊ शकतो.’ आणि ती रक्कम अशी ठरवा की परत आली नाही तरी तुमच्या घरात त्यावरून भांडण होणार नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय, हे शब्द मात्र गाळू देऊ नका, नाहीतर उद्या सगळे म्हणतील की बायकोनं अडवलं.